फणसआळंबे : सहाणेवरून परीक्षानळीत

लहान मुलाचे तोंड आले, हिरड्या दुखू लागल्या किंवा लाळ फार गळू लागली, की कोकणातल्या जुन्या बायका फणसाच्या खोडावरचे एक कठीण, तपकिरी आळंबे सहाणेवर उगाळून त्याचा लेप हिरड्यांना लावीत. याला कोणी फणसआळंबे म्हणते, कोणी फणसोंबा. डायमॉक, वॉर्डन आणि हूपर यांच्या ‘फार्माकोग्राफिया इंडिका’ या ग्रंथात (१८९०–१८९३) पश्चिम भारतातील या औषधाची नोंद सापडते. म्हणजे हा उपाय छापील स्वरूपात येऊनही शंभर वर्षांहून अधिक काळ लोटला आहे.

आता याच आळंब्याबद्दल आम्हां कर्वेनगरकरांना शाळांमधून वेगळाच प्रश्न विचारला जातो : “औषधी कवकांत म्हणे अँटिऑक्सिडंट असतात, कर्करोगसुद्धा बरा होतो. खरे का?” वाक्याचा पहिला अर्धा भाग खरा आहे. तो कसा कळला आणि त्यावरून दुसरा अर्धा का सिद्ध होत नाही, हा इतिहास वर्गात सांगण्याजोगा आहे.

पहिली अडचण नावाची. फणसावर वाढते ते फणसआळंबे, एवढ्याने शास्त्राचे भागत नाही, कारण एकाच झाडावर अनेक कवके वाढतात. आपल्या भागातील कवकांची मोजदाद करण्याचे काम बरेचसे पुण्यात झाले आहे. उप्पल, पटेल आणि कामत यांची ‘मुंबई इलाख्यातील कवके’ ही सूची १९३५ साली प्रसिद्ध झाली. १९४६ साली शंकर पुरुषोत्तम आघारकरांनी महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी स्थापन केली. कर्वेनगराहून लॉ कॉलेज रस्त्याच्या बाजूला गेले, की थोड्या अंतरावर ही संस्था लागते. १९९२ पासून ती आघारकर संशोधन संस्था म्हणून ओळखली जाते. तिथल्या कवकसंग्रहाला प्रा. अजरेकर यांचे नाव आहे. ज्वारीच्या कणसावर पडणाऱ्या चिकट्याच्या रोगाविषयी १९२६ साली लिहिणारे ते हेच अजरेकर. संस्थेने १९८७ साली महाराष्ट्रातील कवकांचा ग्रंथ काढला. वाळलेले नमुने, चिठ्ठ्या आणि लॅटिन नावे यांचे हे काम बाहेरच्या माणसाला कंटाळवाणे वाटते. पण त्यावाचून पुढचे पाऊल पडत नाही.

फणसोंब्याकडे नव्याने लक्ष वेधले ते पुणे विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागातील जे. जी. वैद्य यांनी. लोकवैद्यकातील कवकांवर त्यांनी आणि रब्बा यांनी १९९३ साली एक लेख लिहिला. पुढे २००० साली वैद्य आणि लामरूद यांनी भारतातील पारंपरिक औषधी कवकांचा आढावा घेतला. त्यातून दिसले ते असे, की फणसोंबा या एका नावाखाली फेलिनस या प्रजातीतील एकाहून अधिक जाती वापरल्या जातात. मग ‘फणसोंब्यात अमुक द्रव्य सापडले’ या वाक्याला अर्थ काय उरतो? कोणत्या फणसोंब्यात?

फेलिनस आणि त्याची भावंडे ओळखण्याची एक जुनी खूण आहे. आळंब्याच्या तपकिरी गरावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणाचा थेंब टाकला, की तो भाग लगेच काळा पडतो. वर्गीकरण करणाऱ्यांना याचे कारण ठाऊक असण्याची गरज नव्हती. खूण पटली की काम झाले. १९६० नंतरच्या काही वर्षांत या कुळातील कवकांमधले हिस्पिडिन नावाचे पिवळे रंगद्रव्य रसायनशास्त्रज्ञांनी उलगडले. हे स्टायरिलपायरोन गटातील फिनॉलिक संयुग असून थेंबाखालच्या काळ्या डागाचे श्रेय याच गटाला दिले जाते. आणि फिनॉलिक संयुगे ही तर नावाजलेली प्रतिऑक्सिडीकारके! म्हणजे नाव ठरवण्यासाठी टाकलेला थेंब नकळत त्या द्रव्यांचीही चाचणी घेत होता. आम्हांला या सगळ्या कथेत हाच भाग सर्वांत आवडतो.

प्रतिऑक्सिडीकारक करतो काय? ज्याच्या एका इलेक्ट्रॉनला जोडीदार नाही अशा रेणूला मुक्त मूलक म्हणतात. जोडीदार मिळवण्यासाठी तो शेजारच्या रेणूवर धाड घालतो. फिनॉलिक संयुग आपला एक हायड्रोजन अणू त्याला देऊन शांत करते. शरीरातील अशा मूलकांमुळे म्हातारपण येते, अशी कल्पना डेनहॅम हरमन यांनी १९५६ साली मांडली. १९६९ साली मॅक्कॉर्ड आणि फ्रिडोविच यांनी सुपरऑक्साइड या मूलकाचा बंदोबस्त करणारे विकर शरीरातच असल्याचे दाखवले, तेव्हा या विषयाला खरे वजन आले.

दरम्यान १९५८ साली ब्लॉइस यांनी एक सोपी परीक्षा सुचवली होती. डीपीपीएच या स्थिर मुक्त मूलकाचे द्रावण गर्द जांभळे असते. त्यात प्रतिऑक्सिडीकारक घातला की जांभळा रंग उतरून पिवळा होतो, आणि किती उतरला ते मोजता येते. औषधी कवकांवरच्या असंख्य शोधनिबंधांत ही परीक्षा आढळते. केरळात त्रिशूरजवळच्या अमला कर्करोग संशोधन केंद्रात अजित आणि जनार्दनन यांनी फणसावर वाढणाऱ्या फेलिनस रिमोसस या जातीचा अर्क तपासला. तो मूलके निकामी करतो आणि विषबाधेपासून उंदरांच्या यकृताचा बचाव करतो, असे त्यांनी २००२ साली दाखवले. काम चांगले आहे, पण ते उंदरांवरचे आहे.

इथेच घोटाळा होतो. जांभळ्याचे पिवळे होणे ही परीक्षा टपरीवरचा कोरा चहासुद्धा सहज उत्तीर्ण होतो. परीक्षानळीत पोट नसते, यकृत नसते, रक्त नसते. अर्कातले द्रव्य पचनात टिकते का, पेशीपर्यंत पोचते का, याचे उत्तर रंगात मिळत नाही. फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांना गोळ्या देऊन एक मोठी चाचणी झाली. बीटा-कॅरोटिन हा नामांकित प्रतिऑक्सिडीकारक. पण तो घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग घटण्याऐवजी १८ टक्क्यांनी वाढलेला आढळला. हा निकाल १९९४ सालचा. तरीही जाहिरातींची भाषा फारशी बदलली नाही.

याउलट अर्गोथायोनिनची गोष्ट पाहा. १९०९ साली तान्रे यांनी हे गंधकयुक्त संयुग राय धान्यावरील अरगट या कवकातून वेगळे केले. आपण ते स्वतः बनवू शकत नाही. खाण्यातून मिळते, आणि अळंब्यांत ते भरपूर असते. २००५ साली जर्मन संशोधकांना आढळले, की ते पेशीत नेणारे खास वाहक प्रथिन आपल्या शरीरात आहे. शरीर ज्यासाठी दार राखून ठेवते, त्याचे काही काम असण्याचा संभव मोठा. ते काम नेमके कोणते, यावर अजून संशोधन चालू आहे.

पावसाळ्यात कर्वेनगरच्या रस्त्यांकडेच्या जुन्या गुलमोहरांवरही अशी टणक आळंबी धरतात. मुलांना ती दाखवावीत, पण चाखू देऊ नयेत. एखादे काढलेच, तर झाडाचे नाव, ठिकाण, तारीख आणि ताजेपणीचा रंग चिठ्ठीवर लिहून, सावलीत वाळवून ते कागदी पाकिटात ठेवावे. पोटॅशियम हायड्रॉक्साइड दाहक असल्याने थेंब शिक्षकांनीच टाकावा, आणि तो पाकिटातल्या नमुन्यावर नव्हे, तर वेगळ्या काढलेल्या तुकड्यावर.