गोठलेला जंजिरा

दिवाळी आली की आमच्या अंगणात मातीचा किल्ला उभा राहतो. यंदा भाच्याने जंजिरा मांडला. समुद्रासाठी परात पुरली, तटावर अळीव पेरले. रात्री मात्र त्याने तोच जंजिरा संगणकावर पुन्हा बांधला आणि कोकणच्या त्या समुद्रावर चक्क बर्फ पसरला! मुलांना इतकी वर्षे इतिहास शिकवणाऱ्या मामाने हे मुकाट्याने कसे पाहावे? चार शब्द सुनवावेत म्हणून शेजारी बसलो, तो दोन तास उठलो नाही.

खेळ तसा जुना, १९९९ साली निघालेला 'एज ऑफ एम्पायर्स'चा दुसरा भाग. त्यात लढाया आहेतच. शिवाय आपला नकाशा आपणच घडवण्याची सोय आहे. रंगाऱ्याने कुंचला फिरवावा तसा माउस फिरवायचा. कुंचला लहानमोठा होतो, जमीन उंचसखल करता येते. आणि पांढऱ्याचे प्रकार तरी किती! निव्वळ हिम वेगळे, गवतावरचे हिम वेगळे, मातीवरचे वेगळे, गोठलेले पाणी त्याहून वेगळे. एकाच पांढऱ्याने सगळे भरून टाकले, तर सांडलेल्या रांगोळीसारखे दिसते. म्हणून भाचा कडेला गवतावरचे हिम टाकी, मध्ये मातीवरचे, मग शुभ्र, आणि त्यात हिमाने लगडलेली पाइनची झाडे. आमच्या चित्रकलेच्या मास्तरांनी पाठ थोपटली असती.

ही सोय एकाएकी आलेली नाही. १९८८ च्या 'सुपर मारिओ ब्रदर्स ३' मध्ये बर्फावरून पाय घसरत असे, पण ती बर्फाची भूमी खेळ करणाऱ्यांनीच आखून दिलेली. १९९५ च्या 'वॉरक्राफ्ट'च्या दुसऱ्या भागात खेळाडूला नकाशा करता येऊ लागला. मात्र हिवाळा निवडला की सगळ्या नकाशाला हिवाळाच. एका तीरावर गवत आणि दुसऱ्यावर हिम, हे जमत नसे. १९९९ च्या या खेळात ते जमले.

आता खरी मौज. भाच्याची थोरली बहीण दुसऱ्या संगणकावरून शत्रू झाली. तिने एकही गलबत बांधले नाही. सारे पायदळ तिने सरळ समुद्रावरून चालवत किल्ल्याच्या दरवाज्यापाशी आणले! गोठलेले पाणी म्हणजे या खेळाच्या हिशेबी जमीनच. शोभेसाठी पसरलेल्या बर्फाने जंजिऱ्याचे पाणीच पळवले.

मला राहवले नाही. खेळ थांबवायला लावला आणि दोघांना १६८२ साल सांगितले. जंजिऱ्याच्या सिद्दीला गाठण्यासाठी संभाजी महाराजांनी किनारा आणि किल्ला यांमधल्या खाडीत भर घालून वाट करू घेतली. समुद्र बुजवायचा! ते काम चालू असतानाच मोगलांची फौज कोकणात उतरली आणि महाराजांना मोहीम सोडून परतावे लागले. त्याच्या अवघी चोवीस वर्षे आधी, १६५८ च्या हिवाळ्यात, तिकडे युरोपात स्वीडनचा राजा दहावा कार्ल याला ही वाट निसर्गाने फुकट दिली. डेन्मार्कची बेटे समुद्राच्या भरवशावर निर्धास्त होती. थंडी अशी पडली की समुद्रच गोठला. एरिक डालबर्ग नावाच्या अधिकाऱ्याने पुढे जाऊन बर्फ तपासला आणि राजा घोडेस्वारांसह बेटाबेटांवरून राजधानीच्या दिशेने निघाला. काही आठवड्यांतच रोस्किल्डचा तह झाला आणि डेन्मार्कने स्कोनेचा मुलूख गमावला. पहिल्याच सामुद्रधुनीत मात्र बर्फ फुटून घोडेस्वारांच्या दोन तुकड्या तळाशी गेल्या होत्या.

"दोन तुकड्या बुडाल्या?" भाच्याचे डोळे चमकले. "मग मामा, माझा बर्फ का फुटत नाही?"

प्रश्न बिनतोड होता. संगणकातला हा बर्फ फारच आज्ञाधारक. त्यावर कुणी घसरत नाही, तो कुणाच्या भाराने तडकत नाही. पण याच खेळात 'ट्रिगर' म्हणून एक युक्ती आहे. अमुक घडले की तमुक व्हावे, असा नियम नकाशा करणाराच घालू शकतो. चिरंजिवांनी खाडीच्या मध्यावर एक चौकोन आखला आणि नियम घातला: या जागेत दहा घोडेस्वार एका वेळी आले, की तेथले सगळे मरावेत. बर्फ दिसायला आधीसारखाच.

ताईसाहेबांनी घोडदळ झुंडीने हाकले. मध्यावर आले आणि सारेच्या सारे गेले. ना तडा, ना आवाज.

"मामा, हे तूच शिकवलंस त्याला!" ती ओरडली. मी नाही म्हणू शकलो नाही. तिने जरा विचार केला आणि पुढच्या डावात एकेक स्वार आधी पाठवून पाहिला. तो पार झाला. मग पाच पाठवले, तेही पार झाले. मग तिने उरलेले पाचापाचांच्या टोळ्यांनी, अंतर राखून सोडले. फराळाला आईने तिसरी हाक मारली तेव्हा जंजिऱ्याचा दरवाजा पडत होता.