मातीखाली गेलेली नावं



विहाराच्या स्मरणिकेसाठी इतिहासावर काहीतरी लिहा, असं मंडळाच्या कार्यकर्त्यांनी आम्हाला सांगितलं. आम्ही गिरणीतली माणसं. शिक्षण बेताचंच, पण वाचनाचा नाद जुना. अमेरिकेतल्या एका दफनभूमीची हकीकत वाचनात आली, ती इथे देत आहोत. परक्या देशाची गोष्ट आपल्याला कशाला, असं कोणी म्हणेल. पण 1946 साली खुद्द बाबासाहेबांनी तिथले काळे विचारवंत डु बॉइस यांना पत्र लिहिलं होतं आणि त्यांच्या-आपल्या स्थितीत किती साम्य आहे ते दाखवलं होतं. तेव्हा ही गोष्ट अगदीच परक्याची नाही.

व्हर्जिनिया राज्यात रिचमंड नावाचं शहर आहे. 1861 ते 1865 च्या यादवी युद्धात, गुलामगिरी टिकवायला लढणाऱ्या दक्षिणेकडच्या राज्यांची राजधानी हेच शहर होतं. युद्ध ते हरले, गुलामगिरी कायद्याने गेली, पण भेद काही गेला नाही. शाळा वेगळी, वस्ती वेगळी, आणि मेल्यावर मातीसुद्धा वेगळी! गावाकडे आपल्या बापजाद्यांचा मसणवटा गावापासून लांब कुठे होता, हे ज्यांना आठवतं त्यांना याचा अर्थ निराळा सांगायला नको.

मग तिथल्या काळ्या समाजातल्या कर्त्या लोकांनी स्वतःच जागा उभ्या केल्या. 1891 साली एव्हरग्रीन आणि तिला लागूनच 1897 साली ईस्ट एन्ड ही 16 एकरांची दफनभूमी झाली. घराण्याघराण्यांनी तिथे आपापले तुकडे घेतले. गुलामीतून बाहेर पडलेली पहिली पिढी आणि तिची मुलंबाळं या मातीत विसावली.

ही माणसं कोण होती? मॅगी वॉकर ही लोकांचे कपडे धुणाऱ्या बाईची लेक. तिने 1903 साली गरिबांच्या पै-पैच्या बचतीतून बँक काढली आणि स्वतः तिची अध्यक्ष झाली. अमेरिकेत असं करणारी ती पहिली काळी स्त्री. जॉन मिचेल 1863 साली गुलामीत जन्मले आणि पुढे ‘रिचमंड प्लॅनेट’ या वर्तमानपत्राचे संपादक झाले. जमावाने काळ्यांना फासावर लटकवण्याविरुद्ध त्यांनी निर्भयपणे लेखणी चालवली. 1904 साली ट्रामगाडीत काळ्यांना वेगळं बसवायला लागले, तेव्हा या दोघांनी लोकांना ट्रामवर बहिष्कार घालायला सांगितलं. हे दोघं एव्हरग्रीनमध्ये आहेत. ईस्ट एन्डमध्ये रोझा बाउझर आहेत. गुलामीत जन्मून त्या शिक्षिका झाल्या आणि काळ्या शिक्षकांची संघटना त्यांनी बांधली. त्यांच्या आजूबाजूला धोबिणी, मजूर, स्वयंपाकिणी, सैनिक अशी हजारो साधी माणसं आहेत.

एवढ्या मोलाची जागा, पण तिचं पुढे रान झालं. कशामुळे? देखभालीसाठी कायमचा निधी नव्हता. ज्याच्या त्याच्या घराण्याने आपला तुकडा साफ ठेवायचा, अशी रीत होती. पण पोटासाठी आणि जाचापासून सुटायला लाखो काळी माणसं दक्षिण सोडून उत्तरेकडच्या शहरांत गेली. म्हातारी माणसं वारली, मागे कोणी उरलं नाही. वेली चढल्या, झाडं उगवली, लोकांनी जुने टायर आणि कचरा आणून टाकला. दगड कलंडले आणि मातीत गेले. ज्या जॉन मिचेलनी आयुष्यभर दुसऱ्यांची नावं छापली, त्यांच्या कबरीवर कित्येक वर्षं नावाचा दगडच नव्हता.

दुसरीकडे, त्याच शहरात गुलामगिरीच्या बाजूने लढलेल्या सैनिकांच्या कबरी नीटनेटक्या होत्या. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून राज्य सरकार त्यांच्यासाठी पैसा देत आलं होतं. त्या पैशात काळ्या करदात्यांचाही घाम होता. म्हणजे विसर हा नुसता काळाने पडत नाही, तो पाडलाही जातो.

2013 साली ईस्ट एन्डमध्ये काही साध्या नागरिकांनी सुट्टीच्या दिवशी कोयते-कुदळी घेऊन काम सुरू केलं. काळे होते, गोरे होते, कॉलेजची पोरं होती. वेली कापायच्या, कचरा उचलायचा, जमीन खचलेली दिसली की तिथे जपून चाचपायचं. दगड लागला की हळूच उकरून वर घ्यायचा. धुताना फक्त पाणी आणि मऊ ब्रश. ॲसिड किंवा तारेचा ब्रश लावला तर दगडाबरोबर नावही झिजतं. मग फोटो काढायचा, अक्षरं उतरवायची आणि मृत्यूच्या जुन्या नोंदी व वर्तमानपत्रं चाळून तो माणूस कोण होता हे शोधायचं. अशा रीतीने काही वर्षांत तीन हजारांहून अधिक दगड उजेडात आले. काही संगमरवरी, तर काही घरीच सिमेंट ओतून केलेले. ज्यांच्याजवळ दगडाचे पैसे नव्हते त्यांनीही आपल्या माणसाचं नाव राहावं म्हणून धडपड केली होती!

2017 साली व्हर्जिनियाने कायदा करून या दोन्ही दफनभूमींच्या देखभालीला पैसा द्यायचं ठरवलं. तेव्हा कुठे पारडं थोडं हललं. पण आधी लोकांनी हात मळवले, मग सरकार जागं झालं, हे ध्यानात ठेवलं पाहिजे.

हे वाचल्यावर आम्हाला आमचे आजोबा आठवले. त्यांना मूठमाती दिली ती जागा शोधायला आम्ही गावी गेलो होतो. बाभळीशिवाय काही दिसलं नाही. सांगणारं कोणी उरलं नव्हतं. आजोबांच्या वडिलांचं नाव आम्हाला माहीत आहे, पण त्यापुढचं नाही.

आणि आपल्या विहाराचं काय? दारातल्या पाटीवर देणगीदारांची नावं आहेत, ती असलीच पाहिजेत. पण पाळीवरून येऊन ज्यांनी पाया खणला, ज्या आयाबहिणींनी पदर खोचून घमेली वाहिली, त्यांची नावं कुठे आहेत? ती अजून काही म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी आहेत. तीही गेली, की मग उकरायला दगडसुद्धा सापडणार नाही.

म्हणून आमची विनंती आहे. प्रत्येक घराने एक वही घालावी. आजी-आजोबांपाशी बसून नाव, गाव, काम लिहून घ्यावं आणि त्याची एक प्रत विहारात ठेवावी. रिचमंडच्या लोकांना रान तोडावं लागलं. आपल्याला नुसती वही-पेन्सिल लागणार आहे.

जय भीम!