उताणे, डावी कूस, उजवी कूस: निजण्याच्या रीतीचा इतिहास

१/ पंचवटीत लक्ष्मणाने शूर्पणखेची नासिका छेदली, म्हणून हे गाव नासिक, अशी परंपरा आहे. त्याच शूर्पणखेचा भाऊ कुंभकर्ण. वाल्मीकींच्या युद्धकांडात त्याला उठवायला गेलेले राक्षस त्याच्या श्वासाच्या झोतापुढे टिकत नाहीत. मोठ्याने घोरणारा माणूस गाढ झोपलेला असतो, हा समज आपल्याकडे इतका जुना आहे. आजचा धागा या समजाविषयी आणि माणसाने कोणत्या कुशीवर निजावे, या प्राचीन प्रश्नाविषयी.

२/ प्रथम रोग समजून घेऊ. झोपेत घशाचे स्नायू सैलावतात. काहींच्या बाबतीत जिभेचे मूळ आणि मऊ टाळू मागे सरकून श्वासमार्ग बंद होतो. श्वास किमान दहा सेकंद थांबतो, रक्तातील प्राणवायू घटतो, मेंदू क्षणभर जागा होऊन घसा उघडतो आणि घोरणे पुन्हा सुरू होते. तासाला असे ३० किंवा अधिक अडथळे आले, तर रोग तीव्र मानतात. यालाच स्लीप अ‍ॅप्निया म्हणतात. बाहेरून गाढ दिसणारी ही झोप प्रत्यक्षात रात्रभर तुटत असते.

३/ उताणे निजल्यास जीभ स्वतःच्या वजनानेच मागे पडते; कुशीवर वळल्यास ती बाजूला झुकते आणि वाट मोकळी राहते. कारण इतके साधे आहे. मग पूर्वजांनी निजण्याच्या रीतीचा विचार केला होता काय? केला होता, आणि त्याची एक खूण नाशिकच्या वेशीवरच आहे.

४/ त्रिरश्मी डोंगरावरील लेणी, म्हणजेच आपली पांडवलेणी, मुख्यतः इ. स. पूर्व पहिल्या शतकापासून पुढे खोदली गेली. दहाव्या क्रमांकाच्या विहारात नहपान क्षत्रपाचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्याने गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींकडे ३००० कार्षापण कायम ठेव म्हणून ठेवले. २००० कार्षापणांच्या व्याजातून वर्षावासातील २० भिक्षूंना चीवरासाठी प्रत्येकी १२ कार्षापण मिळावेत, अशी व्यवस्था केली.

५/ वस्त्राची एवढी तजवीज, मात्र निजायला दगड. विहाराच्या मंडपाभोवतीच्या लहान खोल्यांत कातळातच कोरलेले ओटे हीच भिक्षूंची शय्या. ती वर उचलता येत नाही, खाली करता येत नाही, मऊही होत नाही. पलंग बदलता येत नसला, तर बदलता येते ते केवळ शरीर.

६/ शरीराची ही शिस्त पाली अंगुत्तरनिकायाच्या चतुक्कनिपातात आढळते. तेथे चार शय्या सांगितल्या आहेत. प्रेत बहुधा उताणे निजते. कामभोगी बहुधा डाव्या कुशीवर. सिंह उजव्या कुशीवर, पायावर पाय ठेवून. आणि चौथी तथागताची शय्या, म्हणजे ध्यानाची अवस्था. भिक्षूने सिंहासारखे निजावे, स्मृती जागी ठेवून आणि उठण्याची वेळ मनात धरून, असा उपदेश आहे.

७/ येथे सावधपणा हवा. हा ग्रंथ थेरवादी परंपरेचा. नाशिकच्या तिसऱ्या लेण्यातील गौतमी बलश्रीचे दान मात्र भद्रायणीय निकायाच्या भिक्षूंना होते. त्यामुळे पाली वचनावरून त्रिरश्मीवरील प्रत्येक भिक्षूची सवय सिद्ध होत नाही. तरीही उजवी कूस एकाच निकायाची नव्हती. अजिंठ्याच्या २६व्या लेण्यातील सुमारे सात मीटर लांबीचा महापरिनिर्वाणाचा बुद्ध उजव्या कुशीवरच पहुडला आहे.

८/ भिक्षूची कूस उजवी, गृहस्थाची डावी. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात, अन्नपानविधीच्या अध्यायात, जेवणानंतर शंभर पावले चालून डाव्या कुशीवर पडावे असे सांगितले आहे. मराठीने या उपदेशाचे दोन्ही भाग जपले: एक शतपावली, दुसरी वामकुक्षी. वाम म्हणजे डावी, कुक्षी म्हणजे कूस. दुपारच्या निजेला आपण आजही वामकुक्षी म्हणतो. शब्दातली कूस मात्र विसरलो आणि खुशाल उताणे पडतो.

९/ दोन परंपरा, दोन विरुद्ध कुशी. परंतु उताणे निजावे असे दोन्हींपैकी एकही सांगत नाही. येथे एक मोह होतो: म्हणजे पूर्वजांना स्लीप अ‍ॅप्निया ठाऊक होता तर! हा निष्कर्ष टिकत नाही. भिक्षूचे कारण स्मृती होती, वैद्याचे कारण पचन. निजलेल्याचा श्वास अडतो म्हणून कूस बदला, असे या दोन्ही ठिकाणी म्हटलेले नाही. आचार जुना आहे. निदान नवे आहे.

१०/ पलंगाची कथाही अशीच आहे. १९००च्या सुमारास ब्रुकलिनचे शल्यविशारद जॉर्ज फाउलर यांनी उदरातील पू खाली निथरावा म्हणून रुग्णाचे डोके व धड उंच ठेवण्याची रीत रूढ केली. १९०९ साली विलिस गॅच यांनी त्यासाठी सांध्यांत वाकणारी खाट मांडली. आपल्या रुग्णालयांतील, पायथ्याशी दांडा फिरवून डोक्याकडची बाजू उचलण्याची ‘फाउलर खाट’ याच घराण्यातली. आज घरोघरी विकले जाणारे विजेवर चालणारे पलंगही तिचेच वंशज. यांतील मूळ हेतू शस्त्रक्रियेनंतरच्या शुश्रूषेचा होता. घोरण्याशी त्याचा संबंध नव्हता.

११/ रोगाची ओळख त्यानंतरची. १८३६-३७ मध्ये डिकन्सने ‘पिकविक पेपर्स’मध्ये सदा पेंगणारा, घोरणारा लठ्ठ ज्यो रंगवला. १९५६ साली बर्वेल आणि सहकाऱ्यांनी एका रुग्णाच्या वर्णनात पिकविकचे नाव रोगाला दिले. १९६५ मध्ये फ्रान्स आणि जर्मनीतील संशोधकांनी झोपेची यंत्राद्वारे नोंद घेऊन, श्वास वारंवार थांबतो हे दाखवले. १९८१ साली सिडनीचे कॉलिन सलिव्हन यांनी नाकावाटे हलक्या दाबाने हवा देऊन घसा उघडा ठेवण्याचा उपाय प्रसिद्ध केला. तेच आजचे सीपॅप यंत्र.

१२/ आणि १९८४ मध्ये कूस वैद्यकात आली. शिकागोच्या रोझलिंड कार्टराइट यांनी रुग्णांच्या नोंदी निजण्याच्या स्थितीनुसार वेगळ्या केल्या. उताणे असताना अडथळे कुशीवर असतानाच्या दुपटीने होते. यातूनच ‘स्थितीनिगडित’ अ‍ॅप्निया ही कल्पना रुजली. मात्र लठ्ठपणा जितका अधिक, तितका कुशीचा लाभ कमी, हेही त्यांनीच नोंदवले.

१३/ उशाकडच्या चढाचीही परीक्षा झाली. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या ब्राझीलमधील अभ्यासात पलंगाची डोक्याकडची बाजू ७.५ अंशांनी उचलल्यावर अडथळे सरासरी सुमारे एक तृतीयांशाने घटले. लाभ खरा, पण अपुरा. तासाला ४५ अडथळे असणाऱ्याला असा लाभ झाला, तरी ३० उरतातच. शिवाय उशांवर उशा रचून केवळ मान वाकवली, तर श्वासमार्ग उलट आवळू शकतो. उतार धडापासून हवा.

१४/ हा प्रश्न दूरचा नाही. मुंबईत डॉ. झरीर उदवाडिया व सहकाऱ्यांनी ३५ ते ६५ वयाच्या पुरुषांचा अभ्यास करून २००४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. १९.५ टक्के पुरुषांत झोपेतील श्वसनदोष आढळला. दिवसाच्या झापडीसह पूर्ण विकार ७.५ टक्क्यांत. त्रिरश्मीच्या पायथ्याशी मुंबई-आग्रा महामार्ग रात्रंदिवस धावतो. चाकामागे बसलेल्याची झोप रात्री तुटली असेल, तर डुलकी त्याच्यापुरती राहत नाही. उपचार न घेतलेल्या रुग्णांत अपघाताचा धोका लक्षणीय वाढतो.

१५/ म्हणून घरात कुणी मोठ्याने घोरत असेल, मध्येच निःशब्द होऊन दचकून श्वास घेत असेल, सकाळी डोके जड आणि दुपारी डोळे मिटत असतील, तर ‘कुंभकर्ण’ म्हणून हसू नये. ज्याला हे होते, त्याला ते दिसत नाही. शेजारी निजणाऱ्यालाच दिसते. झोपेची चाचणी आधी, पलंगाची खरेदी नंतर. कूस आणि उतार कुणाला पुरतील व कुणाला यंत्र लागेल, हे चाचणीच ठरवते.

१६/ सारांश. भिक्षूने सावधतेसाठी उजवी कूस धरली, वैद्याने पचनासाठी डावी सांगितली, शल्यविशारदाने पू निथरावा म्हणून उसे उंच केले. तिघांनाही आपापल्या प्रश्नाचे उत्तर हवे होते आणि तिघांच्या हाती आपल्या प्रश्नाचा तुकडा लागला. पूर्वजांना नसलेल्या ज्ञानाचे श्रेय देण्याची गरज नाही. निजण्याची रीत विचार करण्याजोगी आहे, हे त्यांनी ओळखले होते. तेवढे ऋण मानले तरी पुरे. आज रात्री शेजारच्या माणसाचा श्वास मात्र एकदा लक्ष देऊन ऐका.