माइनक्राफ्ट : शिडीवर थांबवणारी ‘शिफ्ट’ परांचीवर खाली का उतरवते?

माइनक्राफ्टमध्ये उंच इमारत बांधताना ‘शिफ्ट’ ही सगळ्यांत भरवशाची की. ती दाबली की खेळाडू दबकून चालतो आणि ठोकळ्याच्या कडेवरून खाली पडत नाही. शिडीवरही ती दाबली की जागच्या जागी थांबता येतं. पण तीच की बांबूच्या परांचीवर दाबली, तर खेळाडू खाली जाऊ लागतो. नव्या खेळाडूंचा इथेच घोटाळा होतो. त्यामागचं कारण आणि त्यावरचे उपाय पाहू. (ही माहिती कॉम्प्युटरवरच्या जावा आवृत्तीतल्या मूळ सेटिंगनुसार आहे.)

शिडी आणि वेली

७ काठ्यांपासून ३ शिड्या बनतात. शिडी ठोकळ्याच्या बाजूला चिकटते. तिच्याकडे तोंड करून पुढे जाण्याची की दाबली की खेळाडू वर चढतो. स्पेस म्हणजे उडीची की दाबूनही चढता येतं. सगळ्या की सोडल्या, की तो सेकंदाला साधारण ३ ठोकळे या वेगाने घसरत खाली येतो. शिफ्ट दाबून ठेवली तर आहे तिथेच लटकून राहतो. भिंतीवरच्या वेलींनाही हाच नियम.

परांची

एप्रिल २०१९ मध्ये आलेल्या १.१४ आवृत्तीत परांची खेळात आली. ६ बांबू आणि १ दोरा यांपासून ६ परांच्या मिळतात. खालचा ठोकळा तोडला की त्याच्या आधारावर उभी असलेली सगळी परांची कोसळते, त्यामुळे काम झाल्यावर ती झटपट उतरवता येते. आपल्याकडच्या बांधकामावरच्या बांबूच्या परांचीसारखाच हिचा उपयोग.

पण हिचे कंट्रोल वेगळे. वर जायला स्पेस, खाली यायला शिफ्ट. काहीच दाबलं नाही तर खेळाडू जिथे आहे तिथे उभा राहतो.

नेमका उलटा हिशेब

- शिडीवर : की सोडली तर घसरण, शिफ्ट दाबली तर थांबणं.
- परांचीवर : की सोडली तर थांबणं, शिफ्ट दाबली तर उतरणं.

ही खेळातली चूक नाही. शिडीला पाय टेकायला फळी नाही, म्हणून धरून राहायला की लागते. परांचीच्या प्रत्येक मजल्याला फळी आहे. उभं राहायला काही करावं लागत नाही, उलट फळीतून खाली जायलाच की लागते. खेळाच्या प्रोग्राममध्येही शिफ्टने लटकून राहण्याच्या नियमातून परांचीला मुद्दाम वगळलेलं आहे. पाण्यातही स्पेसने वर आणि शिफ्टने खाली जाता येतं. चामड्याचे बूट घालून भुसभुशीत बर्फावर गेलं तरी तसंच. म्हणजे परांची शिडीच्या नव्हे, पाण्याच्या जातीची आहे असं समजलं तर लक्षात ठेवणं सोपं जातं.

नुकसान कुठे होतं?

सरळ खाली उतरलं तर इजा होत नाही. धोका आहे तो कडेला. साध्या ठोकळ्यावरच्या सवयीने खेळाडू परांचीच्या टोकाला शिफ्ट दाबून पुढे सरकतो. पण तो परांचीच्या आत उतरत असल्यामुळे कडेचं संरक्षण लागू होत नाही आणि तो बाजूने थेट हवेत जातो.

पहिल्या ३ ठोकळ्यांपर्यंत पडण्याने काही होत नाही. त्यापुढे दर ठोकळ्याला अर्धं हृदय जातं. एकूण हृदयं १०. म्हणजे कुठलंही संरक्षण अंगावर नसेल तर २३ ठोकळ्यांवरून पडणं जीवघेणं. साध्या खेळात जवळचं सामान तिथेच पडतं, आणि खेळाडू त्या भागात आल्यापासून ५ मिनिटांत उचललं नाही तर नाहीसं होतं. हार्डकोर प्रकारात तर एकदा मेलं की त्या जगात पुन्हा खेळता येत नाही, फक्त बघत फिरता येतं. महिनोन्महिन्यांची मेहनत एका सवयीपायी जाते.

की बदलून भागतं का?

नाही. शिफ्टचं काम सेटिंगमध्ये जाऊन दुसऱ्या कीला देता येतं, पण ‘थांबणं’ आणि ‘उतरणं’ यांना दोन वेगळ्या की देण्याची सोय नाही. एक बदलली की दोन्ही कामं नव्या कीवर जातात. शिफ्टसाठी ‘एकदा दाबली की चालू, पुन्हा दाबली की बंद’ असा पर्यायही आहे. तो निवडला असेल तर परांचीवर पाय ठेवण्याआधी शिफ्ट बंद आहे ना, हे बघावं. नाहीतर पाय ठेवताक्षणी उतरणं सुरू होतं.

काय करावं?

- परांचीच्या टोकावर काम असेल तर कडेला आधी साधे ठोकळे लावून कठडा करावा.
- शिफ्टचं संरक्षण हवंच असेल तर परांचीवर उभं न राहता बाजूला साध्या ठोकळ्यांची फळी टाकून तिथून बांधावं.
- परांचीवरून शिडीवर जाताना शिफ्ट शिडी पकडल्यावरच दाबावी. शिडीवरून परांचीवर येताना मात्र लगेच सोडावी.
- खाली बादलीभर पाणी ओतून ठेवावं. पाण्यात पडलं तर इजा होत नाही.