शिफ क्षारकांची धातुसंकुले

आल्डिहाइड अथवा कीटोन व प्राथमिक अमाइन यांच्या विक्रियेत पाण्याचा रेणू बाहेर पडून कार्बन व नायट्रोजन यांच्यामध्ये दुहेरी बंध असलेली जी संयुगे तयार होतात, त्यांना शिफ क्षारके म्हणतात. ह्यूगो शिफ या जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी १८६४ मध्ये त्यांचे प्रथम वर्णन केले. लोह, कोबाल्ट, मँगॅनीज इ. संक्रमणी धातूंबरोबर ती स्थिर संकुले बनवितात. या संयुगांचा इतिहास रक्ताच्या रसायनशास्त्राशी व त्यामार्गे पालघर जिल्ह्यातील डहाणू, तलासरी यांसारख्या आदिवासी प्रदेशांच्या एका आरोग्यप्रश्नाशी निगडित झाला आहे.

आल्फ्रेट व्हेर्नर यांनी १८९३ मध्ये धातुसंकुलांच्या संरचनेचा सिद्धांत मांडला. त्यांचे शिष्य पाउल फायफर यांनी १९३३ मध्ये सॅलिसिलाल्डिहाइडापासून मिळणाऱ्या शिफ क्षारकांची धातुसंकुले तयार केली. यांपैकी कोबाल्टाचे संकुल हवेतील ऑक्सिजन शोषून घेते व तापविल्यावर तो परत देते, असे त्सुमाकी या जपानी शास्त्रज्ञांना १९३८ मध्ये आढळले. रक्तातील हीमोग्लोबिनामधील लोहाचे कार्यही असेच असल्याने त्याची प्रतिकृती म्हणून या संकुलाचा पुष्कळ अभ्यास झाला. शिफ क्षारकातील ऑक्सिजन अणू दोन वा अधिक धातुअणूंना एकत्र जोडू शकतो. त्यामुळे पुढे बहुधातू गुच्छही तयार करण्यात आले. वनस्पतींमध्ये प्रकाशसंश्लेषणाच्या वेळी पाण्याचे विघटन करणाऱ्या मँगॅनीज-गुच्छाच्या अभ्यासास त्यांचे साहाय्य झाले.

दात्रकोशिका पांडुरोगाचे मूळ हीमोग्लोबिनाच्या रेणूतच असल्याचे लायनस पॉलिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४९ मध्ये दाखविले. या रोगात ऑक्सिजन सोडल्यावर हीमोग्लोबिनाचे रेणू एकमेकांस चिकटतात व तांबड्या कोशिका विळ्याच्या आकाराच्या होतात. भारतात हा विकार १९५२ मध्ये निलगिरीतील आदिवासींमध्ये आढळला. नंतर पश्चिम भारतातील अनेक जमातींमध्येही त्याची नोंद झाली. वारली व इतर आदिवासींची मोठी वस्ती असलेल्या डहाणू-तलासरी भागात म्हणूनच रक्ततपासणीस महत्त्व आहे. आई व वडील दोघेही रोगवाहक असल्यास प्रत्येक अपत्यास हा रोग होण्याची शक्यता चारांत एक असते.

व्हॉक्सेलोटर या औषधास अमेरिकेत २०१९ मध्ये मान्यता मिळाली. त्याचा रेणू सॅलिसिलाल्डिहाइडाच्याच कुळातील असून तो हीमोग्लोबिनाशी शिफ क्षारकाचा बंध जोडतो. त्यामुळे हीमोग्लोबिन ऑक्सिजन अधिक घट्ट धरून ठेवते व रेणूंचे चिकटणे कमी होते. तथापि रुग्णांतील वेदनांचे झटके व मृत्यू यांविषयीची माहिती पुढे आल्यावर सप्टेंबर २०२४ मध्ये ते बाजारातून मागे घेण्यात आले. रेणूच्या पातळीवरील यश रुग्णाच्या हिताची खात्री देत नाही, हे यावरून स्पष्ट होते. हायड्रॉक्सियुरिया हे जुने औषध, लवकर निदान व विवाहपूर्व समुपदेशन यांवरच उपाययोजनेचा मुख्य भर आहे. भारत सरकारने १ जुलै २०२३ रोजी सुरू केलेल्या राष्ट्रीय अभियानात २०४७ पर्यंत या रोगाच्या निर्मूलनाचे उद्दिष्ट ठेवले आहे.