आबकारी, दारूबंदी आणि चर्चाबैठक

वैनगंगेच्या खोऱ्यात, भंडारा जिल्ह्याच्या गावोगावी, फाल्गुन-चैत्राच्या पहाटे मोहाची फुले गळू लागली म्हणजे बायापोरे टोपल्या घेऊन झाडाखाली जमतात. ही फुले टंचाईच्या काळात पोटाला आधार देत, बाजारात चार पैसे मिळवून देत, आणि गोंडांच्या देवकार्यात त्यांच्या दारूला मानाचे स्थान असे. परंतु याच फुलांचा सडवा घालून भट्टी पेटली की कित्येक संसारांची राख झाली, हेही तितकेच सत्य आहे. आणि म्हणून या जिल्ह्यातील दारूचा इतिहास लिहिताना, ती कोणी गाळली व कोणी विकली एवढे नमूद करून थांबता येत नाही, तिच्यातून माणूस सुटला कसा हेही सांगावे लागते.

मध्यप्रांताच्या इंग्रजी अमलात दारू ही प्रथम महसुलाची बाब होती. भट्ट्यांचे व दुकानांचे लिलाव होत, ठेकेदार रक्कम भरून सनद घेत, आणि १९१५ च्या आबकारी कायद्याने या साऱ्या व्यवहाराला पक्की चौकट दिली. पिणाऱ्याचा विचार त्या दप्तरात केवळ उत्पन्नापुरता होता. पुढे असहकारितेच्या चळवळीत, १९२१ साली, नागपुरात दारूच्या दुकानांवर निरोधने झाली. काँग्रेसचे मंत्रिमंडळ अधिकारारूढ झाल्यावर १९३८ साली प्रांताचा दारूबंदी कायदा आला. आणि विदर्भ मुंबई राज्यात सामील झाल्यानंतर, १९५९ साली, मुंबईचा १९४९ चा दारूबंदी कायदा येथेही लागू झाला. हेतू निःसंशय उदात्त होता. तथापि आबकारीने ज्याला गिऱ्हाईक मानले होते, त्याला दारूबंदीने मुलजिम मानले; हातभट्टी जंगलात, नाल्याकाठी गेली, आणि तलफ मात्र माणसाच्या शरीरात होती तेथेच राहिली. १९७३ च्या नियमांनी देशी दारूची दुकाने पुन्हा सनदशीर झाली, तेव्हा हे चक्र जणू पूर्ण झाले.

कायद्याला जे साधले नाही ते साधण्याचा मार्ग लोकांतूनच निघाला. मोझरीच्या राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी खंजिरीच्या भजनांतून आणि सामुदायिक प्रार्थनेतून व्यसनत्यागाचा संदेश विदर्भाच्या खेड्यापाड्यांत पोहोचवला. त्याच काळात नागपूरच्या विणकर कुटुंबात १९२१ साली जन्मलेल्या जुमदेवजी ठुब्रीकर यांनी परमात्मा एक सेवकांचा मानवधर्म उभा केला. सत्य, मर्यादा आणि प्रेम ही त्याची शिकवण, आणि दारू, जुगार, सट्टा यांचा संपूर्ण त्याग ही सेवक होण्याची अट. १९९६ साली जुमदेवजींचे निधन झाले. परंतु भंडारा, मोहाडी, तुमसर या भागांत ‘तो मार्गात आला’ एवढे म्हटले की त्या घरातली बाटली सुटली, हे ऐकणाऱ्याला आजही वेगळे सांगावे लागत नाही.

या मार्गाचे मर्म चर्चाबैठकीत आहे. एखाद्या सेवकाच्या घरी सतरंजी अंथरलेली असते; येणारा प्रत्येक जण हात जोडून ‘नमस्कार जी’ म्हणतो, आणि समोरचा, वयाने वा मानाने कितीही मोठा असला तरी, तसाच नमस्कार करतो. मग एकेक जण आपला अनुभव सांगू लागतो: मजुरीचे पैसे कोठे जात, घरात पोरे कशी दडून बसत, आणि मार्ग घेतल्यावर काय पालटले. ऐकणारे सारे त्याच वाटेने आलेले, त्यामुळे उपदेशकाची उंची तेथे कोणाला नसते. आणि पत्नी शेजारीच बसलेली असल्याने कथन पदरचे घालून सजवताही येत नाही.

अमेरिकेतील ॲक्रन गावी १९३५ साली एक दलाल आणि एक शल्यचिकित्सक, दोघेही दारूने जर्जर झालेले, परस्परांशी बोलत बोलत सावरले आणि त्यातून अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस ही संघटना जन्मली. तेथेही हेच तत्त्व: पिणाऱ्याचे दुःख पिणाऱ्यानेच जाणावे. मात्र तेथे नाव गुप्त राहते, शुल्क नसते, आणि सोडण्याची इच्छा एवढीच सभासदत्वाची अट असते. कुटुंबीयांसाठी अल-अनॉन ही निराळी संघटना १९५१ साली स्थापन झाली. भंडाऱ्याच्या बैठकीत कुटुंब आरंभापासूनच सामील असते. जेथे कोणाच्या घरी काय शिजले हे गावाला ठाऊक, तेथे गुप्ततेपेक्षा चारचौघांत दिलेला शब्दच माणसाला अधिक बळ देतो. परंतु ज्याला या मार्गाची एकेश्वराची दीक्षा घेऊन घरचे देव सोडवत नाहीत, त्याला अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसची अट सोपी वाटेल. आणि पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता व अनिल अवचट यांनी सुरू केलेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राने उपचाराला समूहसंवादाची जोड कशी द्यावी, याचा मराठी वस्तुपाठच घालून दिला आहे.

मार्ग कोणताही असो, वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याने एकाएकी दारू तोडल्यास झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो, प्रसंगी जीवही जाऊ शकतो. म्हणून आधी सरकारी दवाखान्यात डॉक्टरांना दाखवावे आणि मग, मन पक्के असो वा नसो, बैठकीचा वार विचारून घरच्या माणसांसह तेथे जाऊन बसावे.

आबकारीचे लिलाव आणि दारूबंदीचे खटले सरकारी दप्तरांत नोंदलेले आहेत. बैठकींत सुटलेल्या माणसांचा इतिहास मात्र त्यांच्या स्वतःच्या मुखातच आहे. ते वृद्ध सेवक आज आपल्यात आहेत तोवर त्यांचे अनुभव, त्यांच्या संमतीने, टिपून ठेवणे हे जिल्ह्याच्या शाळा-महाविद्यालयांचे कर्तव्य आहे. कारण उद्या त्याच गर्तेत सापडणाऱ्या तरुणाला आपल्याच मातीत माणसे यातून बाहेर आली, हा पुरावा कोणत्याही कायद्याच्या कलमापेक्षा अधिक उपयोगी पडेल.