हद्दीपलीकडचा सामना

सीमाभागात हयात गेल्यामुळे ‘हद्द’ हा शब्द कुठेही वाचला की मी थबकतो. अमेरिकेतल्या मिसिसिपी स्टेट विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघाने १९५९, १९६१ आणि १९६२ साली विभागीय विजेतेपदावर नाव कोरले. पण हंगामअखेरच्या राष्ट्रीय स्पर्धेला तो गेलाच नाही. कृष्णवर्णीय खेळाडूंसमोर उतरायचे नाही, हा राज्याचा दंडक. अलिखित, म्हणूनच मोडायला कठीण!

१९६३ साली पुन्हा विजेतेपद मिळाले, आणि विद्यापीठाचे अध्यक्ष डीन कोलव्हार्ड यांनी संघ पाठवायचे ठरवले. विरोधकांनी न्यायालयातून मनाईहुकूम आणला. तो हाती पडण्यापूर्वीच प्रशिक्षक बेब मॅकार्थी रातोरात हद्द ओलांडून टेनेसीत पोहोचले. सकाळी खेळाडूंनीही विमान गाठले.

१५ मार्चला मिशिगनमध्ये शिकागोच्या लॉयोला संघाशी गाठ पडली. लॉयोलाच्या पहिल्या पाचांतले चौघे कृष्णवर्णीय. कर्णधार जो डॅन गोल्ड आणि जेरी हार्कनेस यांनी हस्तांदोलन केले, तेव्हा छायाचित्रकारांच्या दिव्यांचा नुसता लखलखाट झाला म्हणतात. मिसिसिपी ५१-६१ असा हरला. लॉयोलाने पुढे अजिंक्यपदच पटकावले.

मिसिसिपीला त्या स्पर्धेत पुन्हा उतरायला मात्र १९९१ साल उजाडले.